पासपोर्टबरोबरचं पिवळं पुस्तक



या आठवड्याच्या टपालात कोल्हापूरहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते :

"काका, माझे बाबा साखर कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांना युगांडात नोकरी मिळाली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आई, मी आणि आजी त्यांच्याकडे जाणार आहोत. आमचे डॉक्टर म्हणाले, की पीतज्वराची लस घ्यावीच लागेल. ती त्यांच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच टोचून घ्यावी लागते. मग म्हणे एक पिवळं पुस्तक मिळतं आणि ते जाताना युगांडात आणि येताना मुंबईच्या विमानतळावर दाखवावं लागतं. जाताना दाखवायचं हे समजलं. पण आपल्याच घरी परत येताना कशाला? आणि मी तर आजारीसुद्धा नाही!"

शाब्बास! प्रश्न विचारावा तर असा. 'घ्यायची म्हणजे घ्यायची' असं म्हणून मोठी माणसं पुष्कळदा असे प्रश्न उडवून लावतात. पण या प्रश्नाच्या उत्तरात एक मोठी गंमत दडलेली आहे. आपण प्रवासाच्या आधी जी सुई टोचून घेतो, ती फक्त आपल्यासाठी नसतेच मुळी! मग कुणासाठी असते? चला, शोधू या.

हा पिवळा ताप आहे तरी काय?

पीतज्वर हा एका विषाणूमुळे होणारा ताप. तो आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात आढळतो. डास चावल्यावर तीन ते सहा दिवसांत थंडी-ताप, डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या सुरू होतात. बहुतेक लोक तीन-चार दिवसांत बरे होतात. पण थोड्या रोग्यांना, 'सुटलो एकदाचे' असं वाटतं न वाटतं तोच, ताप उलटतो. यकृत बिघडतं, डोळे आणि कातडी पिवळी पडते, रक्तस्राव होऊ लागतो. या टप्प्यावर पोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात. पिवळेपणावरूनच या तापाला नाव पडलं पीतज्वर.

आणि या विषाणूला नेमकं मारणारं औषध अजूनही नाही. म्हणजे हा आजार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊच न देणं, हाच शहाणपणा.

हवानाची दोन घरं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना वाटायचं, की रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून, घाणेरड्या हवेतून पीतज्वर पसरतो. क्यूबा देशातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगितलं, "छे! हा तर डासाचा उद्योग!" लोकांनी त्यांची थट्टा केली. तीही थोडीथोडकी नाही, जवळजवळ वीस वर्षं!

मग १९०० साली अमेरिकी सैन्यातले डॉक्टर वॉल्टर रीड आणि त्यांचे तीन साथीदार क्यूबाची राजधानी हवाना इथे कामाला लागले. फिनलेंनी त्यांना आपल्याजवळची डासांची अंडी दिली. साथीदारांपैकी डॉ. जेम्स कॅरल यांनी मुद्दाम डास चावून घेतला. ते मरता मरता वाचले. दुसरे, डॉ. जेसी लाझिअर, मात्र पीतज्वरानं सप्टेंबर १९०० मध्ये वारले. रीडनी पुढच्या प्रयोगाच्या छावणीला लाझिअर यांचंच नाव दिलं.

या छावणीत दोन लहान लाकडी घरं बांधली. पहिल्या घरात डास शिरू नयेत अशी व्यवस्था होती. पण आत पीतज्वराच्या रोग्यांचे मळलेले कपडे, चादरी, उशा आणून टाकल्या. स्वतःहून तयार झालेले तीन जण त्या दुर्गंधीत, तेच कपडे घालून वीस रात्री झोपले. नंतर आणखी तुकड्या झोपल्या. काय झालं असेल? एकालाही पीतज्वर झाला नाही!

दुसरं घर स्वच्छ, हवेशीर. मधे जाळीचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला, आधी रोग्यांना चावलेले डास सोडले. त्या बाजूला गेलेला स्वयंसेवक चार-पाच दिवसांत आजारी पडला. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला तीच हवा घेत असलेले लोक मात्र ठणठणीत राहिले. हवा तीच, घर तेच, फरक फक्त डासांचा! फिनलेंचं म्हणणं खरं ठरलं.

तुम्ही शाळेत 'प्रयोग' शिकता ना? एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा त्याचा पहिला नियम. तो या जाळीच्या पडद्यानं किती सुंदर पाळला बघा.

असिबीच्या रक्तापासून आपल्या दंडापर्यंत

दोषी सापडला, पण लस कुठे होती? १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, असिबी नावाच्या एका माणसाला पीतज्वर झाला होता. शास्त्रज्ञांनी त्याच्या रक्तातून विषाणू मिळवला. असिबी पुढे बरा झाला. त्याच्या रक्तातला विषाणू मात्र प्रयोगशाळांतून प्रवास करत राहिला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनमध्ये मॅक्स थायलर नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू उंदराच्या आणि नंतर कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा वाढवला. होता होता विषाणूचा स्वभावच बदलला. तो जिवंत राहिला, पण माणसाला आजारी पाडण्याची त्याची ताकद गेली. शरीराला मात्र तो 'शत्रू कसा दिसतो' हे छान शिकवू लागला. १९३७ साली ही लस तयार झाली. तिचं नाव '१७डी'. थायलरना यासाठी १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आज जगात वापरल्या जाणाऱ्या पीतज्वराच्या लसी याच १७डीच्या वंशातल्या. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या दंडात जी लस जाणार, तिचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या त्या असिबीच्या रक्तात आहे!

मुंबईला पुस्तक का दाखवायचं?

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. आपल्या देशात पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा डास आहे का?

आहे, आणि भरपूर आहे! काळं अंग, पायांवर पांढरे पट्टे, चावायची वेळ दिवसाउजेडी. ओळखलंत? हा आपल्या डेंग्यूचा आणि चिकुनगुन्याचा डास, एडिस इजिप्ती. हवानाच्या त्या दुसऱ्या घरात सोडलेले डास याच जातीचे होते. तो गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंप, कुंडीखालची बशी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर पडलेलं जुनं टायर, सगळी त्याचीच घरं.

आता नीट विचार करा. डास आहे. त्याला हवी तशी उष्ण हवा आहे. पीतज्वराची लस न घेतलेली शंभर कोटींहून जास्त माणसं आहेत. नाही तो फक्त विषाणू. चूल पेटवायची सगळी तयारी झालेली आहे, लाकडं रचलेली आहेत, फक्त काडी ओढायची बाकी आहे! ही काडी कुणाच्या तरी रक्तातून, विमानात बसून येऊ शकते. तो माणूस त्या वेळी आजारी दिसेलच असंही नाही. त्याला ताप दोन दिवसांनी, घरी पोचल्यावर येईल आणि तोवर पिंपातला डास त्याची वाट पाहत असेल.

म्हणून आपला देश म्हणतो : पीतज्वर असलेल्या देशातून येताय ना? मग लस घेतल्याचं पुस्तक दाखवा. पुस्तक नसेल, तर सहा दिवस वेगळं राहावं लागेल. यातून तान्ह्या बाळांना सूट आहे.

ही नुसती भीती नाही बरं का. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोला देशाची राजधानी लुआंडा इथे पीतज्वराची साथ सुरू झाली. तिथे काम करणारे काही चिनी कामगार २०१६ साली मायदेशी परतले आणि त्यांच्यापैकी ११ जणांना पीतज्वर असल्याचं चीनमध्ये आढळलं. आशिया खंडात या रोगाचं असं आगमन पहिल्यांदाच नोंदलं गेलं. सुदैवानं तो तिथे पसरला नाही. त्याच वर्षी शेजारच्या काँगो देशात लस पुरेना, तेव्हा किन्शासा शहरातल्या लाखो लोकांना नेहमीच्या मात्रेचा फक्त पाचवा हिस्सा टोचावा लागला. एका शहरातली साथ किती दूरवर हात पोचवते बघा!

"मग देवीसारखा हा रोगही जगातून घालवून का टाकत नाहीत?" असं तुमच्यापैकी कुणी हुशार नक्की विचारणार. देवीचा रोग फक्त माणसांना होत असे. सगळ्या माणसांना वाचवलं आणि १९८० साली जग देवीमुक्त झालं. पीतज्वराचा विषाणू मात्र जंगलातल्या माकडांमध्येही राहतो. झाडाच्या शेंड्यावरच्या माकडांना रांगेत उभं करून कोण टोचणार? म्हणूनच पिवळ्या पुस्तकाची गरज अजून संपलेली नाही.

सहा आणि दहाचं गणित

विमानतळावर 'सहाच दिवस' का? आठ का नाहीत, चार का नाहीत? वर मी सांगितलं ते आठवा : डास चावल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात. सहा दिवस उलटले आणि ताप आला नाही, म्हणजे माणूस पीतज्वर घेऊन आलेला नाही. जुन्या काळी व्हेनिस बंदरात साथीच्या देशांतून आलेली जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवत. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारंता' म्हणतात, त्यावरून 'क्वारंटाईन' हा शब्द आला. २०२० साली करोनाच्या वेळी तो आपल्या घराघरांत पोचला. चाळीसचे सहा झाले, कारण आता रोगाची चाल आपल्याला कळली आहे.

दुसरा आकडा दहा. लस टोचल्याबरोबर शरीर तयार होत नाही. त्याला शत्रूची ओळख पटायला, शस्त्रं घडवायला वेळ लागतो. म्हणून पुस्तकावरचा दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. विमान उद्या आणि लस आज, हे चालत नाही!

आणि हा दाखला किती दिवस चालतो? पूर्वी दहा वर्षं चालायचा. एकच टोचणी आयुष्यभर पुरते असं लक्षात आल्यावर ११ जुलै २०१६ पासून नियम बदलला. आता तो जन्मभर चालतो. आधीच्या पुस्तकांनाही हाच नियम लागू आहे. तेव्हा घरात कुणाचं जुनं पुस्तक असेल, तर रद्दीत घालू नका, पासपोर्टजवळ जपून ठेवा.

लस दवाखान्यात का मिळत नाही, हेही सांगतो. ती केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच देतात, कारण तिथल्या सही-शिक्क्याचाच दाखला जगभर मानला जातो. शिवाय एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि कुपी उघडली, की ती सहा तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. नाव लवकर नोंदवलेलं बरं.

आजींचं काय?

मैत्रिणीच्या पत्रात आजीचा उल्लेख आहे, म्हणून पालकांसाठी चार शब्द. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. बहुतेकांना तिचा त्रास म्हणजे थोडी कणकण, अंगदुखी, दंड दुखणं, एवढाच. पण साठीपुढच्या माणसांना ती पहिल्यांदाच देताना गंभीर त्रासाची शक्यता, फार कमी असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. त्यामुळे आजींना नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी नीट बोलून, तपासणी करूनच ठरवावं. नऊ महिन्यांच्या आतली बाळं, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अॅलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले, यांच्याबाबतही केंद्रावरच्या डॉक्टरांना आधीच सगळं सांगावं. लपवून काही टोचून घेऊ नये.

लस वेगळी, गोळी वेगळी

युगांडात आणखी एक शत्रू आहे : मलेरिया, म्हणजे हिवताप. तिथला मलेरिया बहुतेक करून घातक जातीचा, मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. त्यासाठी प्रवाशांना गोळ्या देतात. इथे मुलं एक चूक करतात (मोठेही करतात!). घरी परतले, की 'सुटलो' म्हणून गोळ्या बंद!

ही चूक का, ते समजून घ्या. लस शरीराला लढायला शिकवते. ते शिक्षण शरीरात राहतं. गोळी मात्र पहारेकऱ्यासारखी आहे. ती रक्तात असेल तोवरच पहारा. मलेरियाचा जंतू डासातून शिरला, की आधी यकृतात लपून बसतो आणि काही दिवसांनी रक्तात उतरतो. तुम्ही मुंबईला उतरलात तेव्हा तो यकृतात दबा धरून असू शकतो. त्याच वेळी पहारेकरी काढून घेतला तर? म्हणून काही गोळ्या परतल्यावर एक आठवडा, तर काही चार आठवडे घ्याव्या लागतात. कुठली गोळी, किती आणि केव्हापासून, हे वय आणि वजन पाहून डॉक्टरच ठरवतात. शेजारच्या काकांची उरलेली पट्टी चालायची नाही!

मलेरियाची लस निघाली नाही का? निघाली आहे. तिच्यातली एक, आर-२१, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली तिची शिफारस केली. पण ती मलेरियाच्या प्रदेशात कायम राहणाऱ्या लहान बाळांसाठी आहे. सुट्टीला जाणाऱ्यांनी गोळ्या आणि मच्छरदाणी यांवरच भिस्त ठेवायची. मलेरियाचा डास रात्री चावतो आणि पीतज्वराचा दिवसा. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम दोन्ही वेळा हवं.

औषधांचा डबा

बाकीच्या तयारीची ही यादी. कापून बॅगेत चिकटवा.

१. प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या लसी (गोवर, धनुर्वात, पोलिओ) पूर्ण झाल्यात का, ते पाहा. टायफॉईड आणि 'अ' प्रकारच्या काविळीची लस हवी का, ते विचारा.

२. नेहमीची औषधं मूळ वेष्टनातच न्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. काही देशांत, विशेषतः आखाती देशांत, कोडीनसारखे घटक असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक बंधनं आहेत. जिथे जाणार तिथला नियम आधी विचारा.

३. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग कधी कधी तुमच्याआधी किंवा तुमच्यानंतर, वेगळ्याच गावाला पोचते!

४. ओआरएसची पाकिटं न्या. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले. पाकीट स्वच्छ पाण्यात, लिहिलेल्या मापानंच कालवायचं.

५. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं प्या. बर्फ नको. फळ स्वतः सोलून खा.

६. कुत्रा, माकड यांच्या वाटेला जाऊ नका. चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. हे इथेही लागू आहे हं!

७. परतल्यावर ताप आला, मग तो दोन-तीन महिन्यांनी का येईना, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं : "आम्ही युगांडाला जाऊन आलो." या एका वाक्यानं जीव वाचू शकतो.

आता सांगा, मैत्रिणीनं मुंबईला पुस्तक कशाला दाखवायचं? तिच्या शेजाऱ्यांसाठी, तिच्या वर्गातल्या मुलांसाठी, गल्लीतल्या तान्ह्या बाळासाठी. ज्यांनी कधी विमान पाहिलंही नाही, त्यांची राखण ती आपल्या दंडावर एक टोचणी घेऊन करणार आहे!

आणि जे कुठेच जाणार नाहीत, त्यांना काम नाही असं समजू नका. अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पिंपं, बादल्या, कुंड्यांच्या बशा रिकाम्या करून, घासून, सुकवायच्या. येत्या रविवारी घरात आणि गच्चीवर शोधमोहीम काढा. वळवळणाऱ्या अळ्या किती ठिकाणी सापडल्या, ते आम्हाला पत्रानं कळवा.

जाता जाता एक कोडं : एका मुलानं २८ एप्रिलला पीतज्वराची लस घेतली. त्याला ५ मेच्या विमानाचं तिकीट मिळतंय, ७ मेचं मिळतंय आणि ९ मेचंही मिळतंय. तिथे उतरताना लागू झालेला दाखला हवा असेल, तर त्यानं कुठलं तिकीट घ्यावं आणि दाखला नेमका कुठल्या तारखेपासून लागू होईल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर बोटांवर मोजत बसा!